प्रश्नमंजूषेतला ‘पहिला’ आणि बक्षिसाचा कुकर

चकलीताई
मंडळी, न्याय हवाय.

आमच्या सोसायटीच्या गणपतीत गेली चार वर्षं सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा मी घेते. प्रश्न मीच काढते, फळ्यावर गुण मीच लिहिते, शिव्याही मीच खाते. यंदा शेवटच्या फेरीत बी विंग आणि डी विंग बरोबरीत आले. मांडव पार्किंगमध्ये, वर पत्रा, पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की प्रत्येक प्रश्न दोनदा ओरडून सांगावा लागत होता. शेवटचा प्रश्न मुद्दाम सोपा ठेवला होता: भारतातला पहिला चित्रपट कोणता?

बी विंगच्या नववीतल्या मुलाने घंटा वाजवली (घंटा म्हणजे स्टीलचं ताट आणि डाव). “राजा हरिश्चंद्र!” मी फळ्यावर दहा लिहायला खडू उचलला तोच डी विंगचे आजोबा उभे राहिले. वय ८१. “चूक. पुंडलिक. १९१२. हरिश्चंद्र पुढच्या वर्षीचा.” क्षणभर सगळे गप्प आणि मग एकच कल्ला. दोन्हीकडून मोबाइल निघाले. मोबाइलने दोघांनाही बरोबर ठरवलं.

बक्षीस पाच लिटरचा कुकर. आरतीची वेळ झाली म्हणून मी निकाल राखून ठेवला. आता विसर्जनाला नऊ दिवस झाले. कुकर समितीच्या कपाटात, कपाटाची किल्ली सेक्रेटरींकडे, आणि लिफ्टमध्ये मी सापडले की कोणीतरी विषय काढतंच.

प्रश्न दोन. निकाल काय द्यायला हवा होता? आणि पुढच्या वर्षासाठी भूगोल, विज्ञान, सिनेमा, ब्रँड यांवरचे असे प्रश्न सुचवा की ज्यावर भांडण होणार नाही.

काकडी_कोशिंबीर
कुकर कोणत्या कंपनीचा? झाला, पुढच्या वर्षीचा ब्रँडवरचा प्रश्न तयार.

गिरगावकर_जुना
आजोबांना माझा नमस्कार सांगा. तारखांवर जायचं तर ते बरोबर आहेत. ‘श्री पुंडलिक’ लागला १८ मे १९१२ ला, ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला. आणि दोन्ही लागले आमच्या गिरगावात, एकाच कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये. म्हणजे साधारण वर्षभराच्या अंतराने त्याच पडद्यावर.

पण दादासाहेब तोरण्यांनी काढलेला पुंडलिक म्हणजे चालू नाटकाचं चित्रण. कॅमेरा एका जागी रोवलेला, समोर नाटक. कॅमेरा चालवणारा इंग्रज, फिल्म धुवायला लंडनला गेलेली. फाळक्यांनी गोष्ट सिनेमासाठी रचली, चित्रीकरण केलं, फिल्म घरीच धुतली. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई कोऱ्या फिल्मला कडेने भोकं पाडायच्या आणि वर सगळ्या चमूचा स्वयंपाकही करायच्या. म्हणून जाणकार ‘पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथापट’ असं मोजून-मापून बोलतात. तुम्ही नुसतं ‘पहिला चित्रपट’ विचारलंत, तिथे फसलात.

आणि नुसतं ‘चित्रपट’ म्हणजे हलती चित्रं, असं धरलं तर दोघेही चूक. सावेदादा नावाच्या छायाचित्रकाराने १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला एक कुस्ती चित्रित केली होती. पुंडलिकाच्या तेरा वर्षं आधी.

चकलीताई
बरं झालं हे आजोबांना माहीत नव्हतं.

पेठेतला_पंटर
चारदा पूर्व आणि दोनदा मुख्य दिलेल्या माणसाचं ऐका. लोकसेवा आयोगाकडे याला पद्धत आहे. आधी पहिली उत्तरतालिका येते, मग पुराव्यासकट हरकती मागवतात, मग अंतिम उत्तरतालिका. आणि ज्याचा निकाल लागत नाही तो प्रश्न सरळ रद्द. आमच्या अभ्यासिकेत एक जण फक्त हरकती लिहिण्यात पटाईत आहे. त्याची स्वतःची पोस्ट अजून निघालेली नाही, पण त्याच्या हरकतींवर दोघे जण निघाले, आता ते पेढ्यांचा बॉक्स घेऊन त्याला भेटायला येतात.

तुमच्या बाबतीत, भारतीय सिनेमाची शताब्दी सरकारने २०१३ मध्ये साजरी केली. म्हणजे सरकारदरबारी पहिला हरिश्चंद्रच. परीक्षेत बी विंग पास.

काकडी_कोशिंबीर
शिवाय हरिश्चंद्रात तारामती झालेले अण्णा साळुंके मूळचे उपाहारगृहात स्वयंपाकाला. कुकरचा संबंध हरिश्चंद्राशीच जुळतो.

देवगडचो_हापूस
तोरणे आमच्या मालवणाकडचे. कुकर डी विंगला. विषय संपलो.

रुळावरचा
‘पहिला’ शब्द आला की पोटात गोळा येतो. माझा भाचा, चौथीत. “भारतातली पहिली रेल्वे?” याला त्याने “मद्रास” लिहिलं आणि शून्य मिळवलं, कारण आदल्या रविवारी मामाने त्याला शहाणं केलं होतं. बहीण पंधरा दिवस बोलत नव्हती.

१६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे. हे सगळं खरंच. पण ती पहिली *प्रवासी* गाडी. त्याआधी १८३७ मध्ये मद्रासजवळ रेड हिलला रस्त्यासाठी दगड वाहायला रूळ टाकले होते, आणि १८५१ मध्ये रुरकीजवळ गंगेच्या कालव्याचं काम चालू असताना माती वाहायला इंजिन धावलं होतं. पाठ्यपुस्तकात ‘प्रवासी’ हा शब्द असतो, प्रश्नपत्रिकेत येईपर्यंत गळून पडतो.

दुसरी गंमत. दरवर्षी १६ एप्रिलला लोक एकमेकांना सीएसएमटीच्या इमारतीचा फोटो पाठवतात, ‘इथून सुटली पहिली गाडी’ म्हणून. ती इमारत पुरी झाली १८८८ मध्ये. गाडी सुटली तेव्हा तिचा पायाही नव्हता.

नकाशेवाला
रुळावरचा, भाच्याला माझ्याकडून चॉकलेट.

भूगोलही सुरक्षित नाही हो चकलीताई. पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलेलं, भारताचा समुद्रकिनारा ७५१६ किलोमीटर. आता सरकारी आकडा ११,०९८ किलोमीटर आहे. समुद्र पुढे आला नाही की जमीन वाढली नाही. जुनं माप ढोबळ नकाशावर घेतलेलं, नवं बारीक नकाशावर. बांगडीचा घेर फूटपट्टी टेकवत-टेकवत मोजा आणि मग दोरा गुंडाळून मोजा, दोन आकडे येतील. किनारा तर बांगडीपेक्षा वाकडा. खाडीत शिरा, खडकाच्या कडेकडेने जा, जितकी पट्टी लहान तितका किनारा लांब. याला अंतच नाही.

तेव्हा ‘महाराष्ट्राला किती किमी किनारा’ हा प्रश्न चुकूनही घेऊ नका. ७२० वाले आणि नवीन आकडेवाले समोरासमोर आले तर कुकर फुटेल.

नाना_नगरकर
राज्यातलं सर्वात उंच शिखर, कळसूबाई, १६४६ मीटर. हे विचारा. हे बदलत नाही.

पेठेतला_पंटर
नाना, पुढचा उपप्रश्न ‘कोणत्या जिल्ह्यात’ असा असतो. आता तुमची आयडीसुद्धा ‘नाना_अहिल्यानगरकर’ करून घ्या.

नाना_नगरकर
आयडी बदलायला प्रशासकांकडे अर्ज करावा लागतो. तेवढा उत्साह उरलेला नाही. पण मुद्दा खरा आहे. नातवाकडे माझ्या मुलाचं जुनं सामान्यज्ञानाचं पुस्तक आहे, त्यात ३५ जिल्हे, नऊ ग्रह. पालघर २०१४ ला आलं, प्लूटो २००६ ला गेला. बेरीज जुळते म्हणून मी पुस्तक फेकलं नाही.

मेलबर्नची_माई
नाना, हसून हसून पुरेवाट!

इकडे मराठी शाळेत रविवारी मी छोट्यांना कोडी घालते. सर्वात उंच पर्वत विचारला की सगळे एकसुरात ‘एव्हरेस्ट’. मग मी विचारते, उंच म्हणजे कुठून उंच? समुद्रसपाटीपासून मोजलं तर एव्हरेस्टच, ८८४८.८६ मीटर. पायथ्यापासून मोजलं तर हवाईचा मौना केआ, त्याचा बहुतेक भाग पाण्याखाली आहे. आणि पृथ्वीच्या मध्यापासून मोजलं तर एक्वाडोरचा चिंबोराझो, कारण पृथ्वी विषुववृत्तावर पोटाशी सुटलेली. ‘पोटाशी सुटलेली’ म्हटल्यावर सगळी पोरं आपापल्या बाबांकडे बघतात.

आता माझी फजिती. ऑफिसात एक चेक सहकारी आहे. बोलता बोलता म्हणाला, बाटा आमच्या झ्लिन गावची कंपनी. मी हसले. म्हटलं, अरे बाबा, बाटा आमची. दर जूनला पहिल्या पावसाआधी बाटाचे काळे बूट, मापापेक्षा एक नंबर मोठे, पुढे कापूस. किमतीच्या शेवटी ९९. कोलकात्याजवळ अख्खं बाटानगर आहे. त्याने शांतपणे मोबाइलवर दाखवलं: तोमास बाट्या, झ्लिन, १८९४. घरी आईला फोन केला. आई म्हणाली, “काहीतरीच. बाटा पंजाबी असणार.”

पोकलेनवाला
आमच्या धंद्यातलं सांगतो, ब्रँडवर एक नंबर प्रश्न होईल.

मी सांगली भागात मशिनं भाड्याने देतो. गावात कोणी ‘एक्स्कॅव्हेटर पाठवा’ म्हणत नाही. टायरवर चालतं, पुढे मोठं सूप आणि मागे सोंड, ते जेसीबी. चेनवर चालतं आणि वरचा अर्धा भाग गरागरा फिरतो, ते पोकलेन. माझ्या पोकलेनवर कंपनीचं नाव भलतंच आहे, तरी विहिरीच्या कामाला फोन येतो तो ‘पोकलेन आहे का मोकळं’ असाच. पोकलेन ही एक फ्रेंच कंपनी होती आणि तिचं नाव आमच्याकडे यंत्राचं नाव होऊन बसलं. जेसीबी तर माणसाचं नाव, जोसेफ सिरिल बॅमफर्ड, इंग्लंडचा. १९४५ मध्ये त्याने काम सुरू केलं. आद्याक्षरं झाली यंत्राचं नाव.

निवडणुकीनंतर आमचा सीझन असतो. जेसीबीच्या सुपात गुलाल आणि झेंडूची फुलं भरून निवडून आलेल्याच्या डोक्यावर ओतायची. एकदा एका सरपंचांच्या मिरवणुकीला ऑपरेटर सकाळी गटाराच्या कामावरून तसाच गेला. सूप धुतलं होतं म्हणाला. फुलं पडली, गुलाल पडला, आणि तळाशी चिकटलेलं शेवटी पडलं. भाडं मिळालं नाही, पण सरपंच माणूस चांगला, बिगरगुलालाचा चहा पाजला.

काकडी_कोशिंबीर
हा धागा इथेच सार्थकी लागला. मी निघतो.

काकडी_कोशिंबीर
नाही, परत आलो. डालडा. आधीचं नाव ‘दादा’, मग लिव्हर कंपनीने आपला एल मध्ये घुसवला. आमच्या आजीच्या घरी तुळस डालड्याच्या डब्यातच होती.

अबोली_सात
व्हिको म्हणजे विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी. हे मला कळलं तेव्हा मी पस्तिशीची होते. तोवर मला ते इटालियन वाटायचं.

देवगडचो_हापूस
विज्ञानाचो एक प्रश्न माझ्याकडून. हेलियमचो शोध खंय लागलो? आमच्या विजयदुर्गार. ह्या मी ल्हानपणापासून ऐकतंय. किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ असत, थंयसून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर साहेबान १८६८ चा ग्रहण बघितल्यान. १८ ऑगस्टाक थंय हेलियम दिवस पण साजरो करतत.

(प्रमाण मराठीत: हा प्रश्न घ्याच. उत्तर कोणालाच येत नाही, आणि आलं की सगळ्यांना आनंद होतो.)

रसायनी
हापूसदादा, राग मानू नका. अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, दरवर्षी कोणीतरी हे सांगतं आणि दरवर्षी मला त्याचा हिरमोड करावा लागतो.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं, हे खरं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा प्रकाश त्याने वर्णपटात तपासला, तेजस्वी रेषा बघितल्या, आणि त्याच्या लक्षात आलं की एवढ्या झगझगीत रेषा ग्रहण नसतानाही दिसायला हव्यात. दुसऱ्या दिवशी त्याने त्या तशा पाहिल्याही.

लॉकियर मात्र त्या वेळी भारतात नव्हता. तो इंग्लंडमध्ये होता, आणि २० ऑक्टोबर १८६८ ला, ग्रहण नसताना, त्याने तिथूनच ज्वाळांच्या वर्णपटात पिवळी रेषा टिपली. सोडियमच्या दोन प्रसिद्ध पिवळ्या रेषांच्या शेजारी, पण सोडियमची नव्हे. आपल्याकडे असं काहीच नाही, मग हे सूर्यावरचंच काहीतरी, म्हणून ग्रीक हेलिओस म्हणजे सूर्य, त्यावरून हेलियम. पृथ्वीवर ते हाताला लागलं १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅमसेला, युरेनियमच्या खनिजातून.

वर्गात मी याहून छान प्रश्न विचारते. निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, मग हेलियमच ‘हेलिऑन’ का नाही? कारण लॉकियरला ते धातू वाटलं होतं. सोडियम, पोटॅशियम तसं हेलियम. चुकीचं बारसं, पण नाव राहिलं.

देवगडचो_हापूस
म्हणजे कट्टे खोटे?

रसायनी
कट्टे खरे. साहेबही कोणीतरी आलेला असू शकेल. लॉकियर नव्हे एवढंच.

देवगडचो_हापूस
मॅडम, तुम्ही एकदा येवा. कट्ट्यावर बसा, समोर खाडी, पाठीमागे समुद्र, वारो. मग सांगा लॉकियर इल्लो नाय म्हणून.

गिरगावकर_जुना
हापूसरावांशी सहमत. पुरावा नसला तरी वारा आहे.

पेठेतला_पंटर
हे हरकतीत लिहून बघतो. “संदर्भ: वारा.”

नकाशेवाला
गंमत सोडा, पण रसायनीताईंनी दाखवलेला मार्ग चांगला आहे. ‘कुठे’, ‘कोणी’, ‘पहिला’ यापेक्षा ‘असं का’ विचारा. ‘का’वर भांडण कमी होतं.

रुळावरचा
असहमत. सोसायटीच्या प्रश्नमंजूषेत ‘का’ विचारलंत तर उत्तर द्यायला उभा राहिलेला माणूस खाली बसत नाही. आमच्याकडे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांना ‘आकाश निळं का’ विचारलं होतं. प्रसादाचा शिरा गार झाला.

माझं मत, आकडा विचारा, पण मेलेला आकडा. जो आता बदलूच शकत नाही असा. ठाण्याच्या पहिल्या गाडीला इंजिनं किती? तीन. नावं साहिब, सिंध, सुलतान. यावर कोण भांडणार?

रसायनी
मेलेला आकडा हा शब्द आवडला. जिवंत आकड्यांचं उदाहरण देते. ‘सर्वाधिक चंद्र कोणत्या ग्रहाला?’ २०२३ च्या फेब्रुवारीत गुरू पुढे गेला. काही महिन्यांत शनीने परत गाठलं. २०२५ च्या मार्चमध्ये शनीच्या खात्यात एकदम १२८ नवे जमा झाले, एकूण २७४. आमच्या शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात शनीला अजून अठराच चंद्र आहेत. तक्ता सुंदर आहे म्हणून कोणी काढत नाही.

अबोली_सात
मी एक सापळ्याचा प्रश्न सुचवू? ‘भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?’ सगळे हॉकी म्हणणार.

नाना_नगरकर
हॉकीच.

अबोली_सात
नाही नाना. सरकारने कुठलाच खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. माहितीच्या अधिकारात विचारून झालंय, एकदा नाही, अनेकदा. त्यातला एक अर्ज आपल्या धुळे जिल्ह्यातल्या एका शिक्षकांचा होता, २०२० मध्ये उत्तर आलं: असा कोणताही खेळ जाहीर नाही.

नाना_नगरकर
तिसरीत मी हॉकी लिहून पाचपैकी पाच मिळवले होते. ते परत करायचे का?

काकडी_कोशिंबीर
व्याजासकट. हलकेच घ्या नाना.

मेलबर्नची_माई
सापळ्याचे प्रश्न लहान मुलांना नका घालू. ‘उत्तर: नाही’ असं असलं की मुलं रडतात. मोठेही रडतात, पण ते वाद घालून रडतात.

चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हेही काढून टाका. २००३ मध्ये चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई पृथ्वीभोवती फिरून आला. चंद्र तर लांबच, त्याला तिथूनही भिंत दिसली नाही आणि त्याने तसं सांगितलं. माझ्या सासऱ्यांना हे पटलेलं नाही. म्हणतात, त्या दिवशी ढग असतील.

चकलीताई
अहो थांबा. ‘भांडण होणार नाही असे प्रश्न’ मागितले होते मी. मोजून सांगते, आतापर्यंत तुम्ही मला रेल्वे, किनारा, पर्वत, जिल्हे, हेलियम, हॉकी आणि शनी असे सात नवे वाद दिलेत. सुरक्षित म्हणाल तर तीन इंजिनं आणि जेसीबी.

आणि मूळ प्रश्न तसाच आहे. काल लिफ्टमध्ये आजोबा भेटले. चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. दार उघडताना म्हणाले, “मला कुकर नको. आमच्याकडे दोन आहेत. मला फक्त फळ्यावर दहा हवेत.” तिकडे नववीतल्या पोराच्या आईने निरोप पाठवलाय की त्याने मित्रांना जिंकलो म्हणून सांगून टाकलंय, आता काय सांगायचं?

पेठेतला_पंटर
प्रश्न रद्द, दोघांना पाच-पाच.

चकलीताई
बरोबरीच होते. पाच-पाच दिले तरी बरोबरीच राहते रे. म्हणून पूर्वनंतर तू पुढे जात नाहीस.

पेठेतला_पंटर
मुख्यपर्यंत गेलोय. दोनदा. वर लिहिलंय.

रुळावरचा
प्रश्नकर्तीची चूक असेल तर जोखीम प्रश्नकर्तीने घ्यावी. दुसरा कुकर तुम्ही घ्या.

चकलीताई
छान. ‘वर्गणीचा हिशेब’ नावाचा वेगळा धागा काढू का?

गिरगावकर_जुना
दोन दिवस बाहेर होतो, आत्ता सगळं वाचलं. चकलीताई, तुमचं काम झालं असं समजा.

मी वर सावेदादांची कुस्ती म्हटली होती ना, १८९९ ची? घाईत अर्धंच लिहिलं. सावेदादा हे लाडाचं नाव. पूर्ण नाव हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. मुंबईत १८९६ मध्ये वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. ती बघून या छायाचित्रकाराला वेड लागलं, त्याने परदेशातून कॅमेरा मागवला आणि हँगिंग गार्डनमध्ये दोन पैलवानांची कुस्ती टिपली. त्या दोघांपैकी एकाचं नाव कृष्णा न्हावी. दुसऱ्याचं नाव पुंडलिकदादा.

म्हणजे तेव्हाही कॅमेऱ्यामागे हरिश्चंद्र आणि कॅमेऱ्यापुढे पुंडलिक.

काकडी_कोशिंबीर
काय सांगता!!!

रसायनी
हे खरं असेल तर मी कुकरला पाच रुपये वर्गणी देते.

गिरगावकर_जुना
खरं आहे. सिनेमाच्या जुन्या इतिहासात ही कुस्ती आणि पैलवानांची नावं नोंदलेली आहेत. मला यात नवीन काही शोधायचं श्रेय नको, फक्त कोणीतरी चकलीताईंना लिफ्टमधून सोडवा.

देवगडचो_हापूस
पुंडलिक जिंकलो की हरलो कुस्ती?

गिरगावकर_जुना
हापूसराव, तो प्रश्न विचारू नका. परत भांडण लागेल.

पोकलेनवाला
आमच्या सांगलीकडं निकाल महत्त्वाचा नसतो, कुस्ती चटकदार झाली का ते सांगा.

चकलीताई
मंडळी, निकाल लागला.

काल रात्री समितीच्या खोलीत दोन्ही विंग बोलावल्या. गिरगावकरांचा प्रतिसाद मोबाइलवरून मोठ्याने वाचला. ‘कॅमेऱ्यामागे हरिश्चंद्र’ आलं तेव्हा पोरगं ओरडलं. ‘पुढे पुंडलिक’ आलं तेव्हा आजोबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “परत वाचा.” तीनदा वाचायला लावलं. मग फळ्यावर दोन्ही विंगांसमोर दहा-दहा लिहिले. तुमच्या पाच-पाचसारखंच झालं, म्हणजे बरोबरी कायम, पण आता कोणाची हरकत नाही.

राहिला कुकर. चिठ्ठी टाकू म्हटलं तर आजोबा म्हणाले, चिठ्ठी म्हणजे नशीब, ही ज्ञानाची स्पर्धा होती. मग त्यांनीच तोडगा काढला. भांडं आणि झाकण बी विंगला, शिटी डी विंगला. पोराच्या आईला भात लावायचा असेल तेव्हा पोराने डी-४०२ मध्ये जाऊन शिटी मागायची, आजोबा एक प्रश्न विचारणार, उत्तर बरोबर आलं तर शिटी.

आज सकाळी पहिला प्रश्न झाला. पोराने मला जिन्यात सांगितलं. ठाण्याच्या पहिल्या गाडीला इंजिनं किती. आजोबा हा धागा वाचतात, हे मला तेव्हा कळलं.

रुळावरचा
आजोबा, नमस्कार! पोराला आलं का?

चकलीताई
इंजिनं तीन सांगितली. नावांत साहिब आणि सुलतान आली, सिंध आठवेना. भात पातेल्यात झाला.

काकडी_कोशिंबीर
कुकर कोणत्या कंपनीचा ते अजून सांगितलेलं नाही.